पोपटमासा प्रवाळाचा शत्रू नाही

वर मिरजेच्या ताईंनी लिहिलंय, की लक्षद्वीपला स्नॉर्कलिंग करताना निळाहिरवा पोपटमासा प्रवाळ कुरतडताना दिसला, मग तो प्रवाळभित्ती संपवत असणार. ताई, बहुतेक जातींचं खरं लक्ष खडकावरच्या शेवाळावर आणि सूक्ष्मजीवांवर असतं. शेवाळ माजलं तर प्रवाळाच्या पिल्लांना चिकटायला जागाच उरत नाही. १९९८, २०१० आणि २०१६ साली तापलेल्या पाण्याने लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले. अशा पडझडीनंतर हे चरणारे मासे फार मोलाचे.

त्याची चोच म्हणजे एकमेकांत घट्ट जुळलेले दात. घशात आणखी दातांचं जातं असतं, त्यात खडकाचा चुरा होतो आणि विष्ठेतून बारीक पांढरी वाळू बाहेर पडते. कपाळावर टेंगूळ असलेला मोठा पोपटमासा तर वर्षाला ५ टनांहून जास्त चुनखडी पोटात घालतो! हा मात्र जिवंत प्रवाळही भरपूर खातो, हे मान्य.

रात्री काही जाती अंगाभोवती चिकट द्रवाचा पारदर्शक कोष विणून त्यात झोपतात. रक्तपिपासू परजीवींपासून त्याने बचाव होतो. बऱ्याच जातींत मादीचा पुढे नर होतो, आणि तुम्ही पाहिलेला झगझगीत रंग बहुधा अशाच नराचा. माद्या सहसा करड्या-तपकिरी.

सांगलीतल्या दुकानांत मिळणारा केशरी ‘पॅरट’ वेगळा, तो गोड्या पाण्यातला संकरित मासा. खरा पोपटमासा कृपया घरच्या टाकीत ठेवू नका. तिथे त्याला ना चरायला खडक, ना पोहायला जागा.