‘सुब्सिगिएन्ते’ : पुढचा की त्याच्याही पुढचा?

दुभाषी: चिलीहून आलेल्या स्पॅनिश पत्रात ‘ला सेमाना सुब्सिगिएन्ते’ होतं. मी बिनदिक्कत ‘लगतच्या आठवड्यात’ लिहिलं. आता तिकडून निरोप आलाय, तुमची माणसं आठ दिवस आधीच येऊन बसलीत! मला शिकवलं होतं की हा ‘सिगिएन्ते’च (पुढचा), फक्त सुटाबुटातला. मराठीत काय लिहू?

खडूसकाका: आधी कोश, मग भाषांतर. स्पॅनिश अकादमीच्या कोशात दोन्ही अर्थ आहेत, लगेच मागून येणारा आणि पुढच्याच्या नंतरचा. चिलीत आठवडा, महिना यांच्याबरोबर दुसराच अर्थ घेतात.

आडवाट: ‘स्वच्छ करते, पक्कं करते, झळाळी देते’ हे त्या अकादमीचं ब्रीद ना? मग एका शब्दाला दोन तारखा कशा? लॅटिन ‘सुब्सेक्वि’ म्हणजे पाठोपाठ जाणं. चिलीचा अर्थ सरळसरळ भ्रष्ट.

चिंचपाणी: भ्रष्ट काय त्यात? देशभर लोक बोलतात, एकमेकांना कळतं, कुणाची गाडी चुकत नाही. आपण ‘परवा’ मागचाही म्हणतो, पुढचाही. उलट स्पॅनिशात त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, ‘आन्तेआयेर’ आणि ‘पासादो मान्याना’. मग भ्रष्ट कोण?

आडवाट: ‘परवा आला’, ‘परवा येईन’. आपलं क्रियापद सांभाळून घेतं. विशेषणाला तो आधार नाही.

खडूसकाका: व्युत्पत्ती काढलीच आहे तर पुरी करा. ‘सुब्’ हा आपल्या ‘उप’चा भाऊबंद आणि ‘सेक्वि’ संस्कृत ‘सच्’ धातूचा. त्याच ‘सच्’वरून सचिव. म्हणजे ‘सुब्सिगिएन्ते’ हा मुळात उपसचिव! फाइल पुढच्याच्या पुढच्या आठवड्यात का जाते ते कळलं.

दुभाषी: 😄 पण लिहू काय? ‘उत्तरवर्ती’?

चिंचपाणी: तो शब्द वाचून माणसं तिसऱ्याच आठवड्यात पोचतील. ‘एक आठवडा सोडून’ लिहा.

आडवाट: त्याचा अर्थ ‘आठवड्याआड’ असाही होतो. आमच्या दूधवाल्याला ‘एक दिवस सोडून’ सांगितलं होतं, महिनाभर दिवसाआड दूध.

खडूसकाका: सरळ तारीख घाला.

दुभाषी: मूळ पत्रात तारीख नाही हो!

चिंचपाणी: ‘परवा’वरून आठवलं, ‘तेरवा’ अजून कुणाच्या घरात बोलतात का? आमची आजी म्हणायची, पण मागचा की पुढचा यावर मामा आणि आईचं आजही जमत नाही.

आडवाट: पुढचा. परवानंतरचा.

खडूसकाका: आमच्याकडे मागचाही.