मदत हवी आहे: बे एरिया ते सिएटल, उन्हाळ्यातले तंबूमुक्काम आणि नातेवाइकांच्या भेटी यांची सांगड कशी घालावी?

नमस्कार. आम्ही दोघे नवरा-बायको कॅलिफोर्नियात, बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या) फ्रीमाँटला राहतो. जुलैच्या मध्यापासून आम्हाला साधारण दोन आठवड्यांची रजा मिळाली आहे. त्यात आमच्याच गाडीने सिएटलपर्यंत जाऊन यायचे आणि जमतील तितक्या रात्री तंबूत काढायच्या, असे ठरवले आहे. शनिवार-रविवारचे जवळपासचे कॅम्पिंग आम्ही करत आलो आहोत, त्यामुळे तंबू उभारणे, शेगडी पेटवणे याची सवय आहे. मात्र इतका लांबचा प्रवास, तोही मध्ये शहरे आणि नातेवाइकांची घरे घेत, यापूर्वी केलेला नाही.

माझा आतेभाऊ पोर्टलंडजवळ हिल्सबरोला राहतो. घरी वहिनी आणि दोन लहान मुले आहेत. माझ्या मावससासूबाई सिएटलजवळ बॉथेलला असतात. माझ्या नवऱ्याच्या शिक्षणाच्या काळात त्यांनी त्याला स्वतःच्या मुलासारखे घरी ठेवून घेतले होते, त्यामुळे तिथे चहापुरते डोकावून पुढे निघणे आम्हा दोघांनाही पटणार नाही. मावशींचे म्हणणे असे की, ‘हक्काचे घर असताना रानात कशाला झोपायचे? सरळ या आणि आठ दिवस राहा.’ त्यांचे मन मोडायचे नाही, पण साऱ्या रजेत एका घरातून दुसऱ्या घरी जात राहावे असेही वाटत नाही, कारण समुद्रकाठी आणि रेडवूडच्या अतिशय उंच, जुन्या झाडांखाली निवांत राहण्याची आमची इच्छा फार जुनी आहे.

सध्याचा बेत असा आहे. जाताना १०१ क्रमांकाच्या महामार्गाने रेडवूडची जंगले पाहायची, जेडेडाया स्मिथ स्टेट पार्कमध्ये मुक्काम करायचा, तिथून ऑरेगनच्या किनाऱ्याने वर सरकत हिल्सबरो आणि बॉथेल गाठायचे, आणि परतताना आय-५ या आतल्या भागातून जाणाऱ्या महामार्गाने, क्रेटर लेक सरोवरामार्गे घरी यायचे. कागदावर हे सरळ दिसते, पण अडचणी जाणवू लागल्या आहेत. पहिल्याच दिवशी जेडेडाया स्मिथजवळच्या क्रेसेंट सिटीपर्यंत साडेतीनशेहून अधिक मैल अंतर आहे, रस्ता वळणांचा आहे, आणि ‘लास्ट चान्स ग्रेड’ नावाच्या दरड कोसळणाऱ्या टप्प्यावर कामासाठी वाहतूक थांबवून ठेवतात, असे कळले. किनाऱ्यावरच्या धुक्यात भिजलेला तंबू, धुराचा वास मारणारे कपडे आणि आठवड्याचा थकवा घेऊन मावशींच्या दारात उभे राहावे लागेल, हेही बरे वाटत नाही. शिवाय पोर्टलंड आणि सिएटल पाहायचे म्हटले तर सामानाने खच्चून भरलेली गाडी शहरात कुठे उभी करायची? काचा फोडून सामान नेल्याच्या गोष्टी ओळखीच्या लोकांकडून ऐकल्या आहेत.

जेवणाबद्दलही विचारायचे आहे. आम्ही शाकाहारी आहोत. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, पोहे, तूप आणि गोडा मसाला घरून नेणार आहोत. जंगलात फोडणीच्या वासाने अस्वले येण्याचा धोका वाढतो का, आणि छोटा प्रेशर कुकर न्यावा का? क्रेटर लेकला जुलैतही रात्री कडाक्याची थंडी असते असे वाचले, तेव्हा झोपण्याची व्यवस्था कशी असावी? शेवटचे म्हणजे मावशींनी आमच्या परसातल्या कढीपत्त्याचे रोप मागितले आहे. कुंडी मागच्या सीटखाली नीट बसते, पण राज्याची हद्द ओलांडताना चालेल का?

प्रतिसाद:

मी बरीच वर्षे पोर्टलंडजवळ बीव्हरटनला राहतो आणि हा किनारा उभा-आडवा फिरलो आहे. माझा पहिला सल्ला असा की, तुमचा बेत उलटा करा. जाताना आय-५ने भराभर वर जा आणि परतताना किनाऱ्याने खाली या. दक्षिणेकडे येताना समुद्र तुमच्या उजव्या हाताला राहतो, त्यामुळे जिथे वाटेल तिथे समोरची वाहतूक न ओलांडता गाडी बाजूला घेता येते. उत्तरेकडे जाताना प्रत्येक थांब्यासाठी डावीकडे वळण्याची वाट पाहावी लागते, आणि जुलैच्या गर्दीत माणूस कंटाळून निम्मे थांबे सोडून देतो. उन्हाळ्यात किनाऱ्यावर वारा उत्तरेकडून वाहतो, म्हणून इथले सायकलस्वारही दक्षिणेकडेच निघतात. ओला तंबू मग शेवटी तुमच्याच अंगणात वाळेल.

पहिल्या दिवशी पहाटे लवकर निघा, कारण रेडिंगच्या परिसरात जुलैच्या दुपारी असह्य उकाडा असतो. वीड या गावाहून ९७ क्रमांकाचा रस्ता घेऊन संध्याकाळपर्यंत क्रेटर लेकच्या मझामा कॅम्पग्राउंडला पोहोचता येते. सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी मझामा पर्वताचा माथा उद्रेकानंतर आत कोसळला आणि त्या खळग्यात हे ५९२ मीटर खोल सरोवर तयार झाले. अमेरिकेत याहून खोल सरोवर नाही. पाण्याचा निळा रंग सकाळी वारा पडलेला असतानाच पाहावा. मुक्कामाची जागा जवळपास ६,००० फूट उंचीवर असल्याने डाळ उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही, तेव्हा कुकर अवश्य न्या. थंडीसाठी जाड स्लीपिंग बॅग हवीच, पण त्याहून महत्त्वाची असते ती खालची चटई. हवा भरलेल्या साध्या गादीवर जमिनीचा गारवा पाठीला लागत राहतो आणि वर कितीही पांघरले तरी झोप येत नाही. उष्णतारोधक मॅट किंवा निदान फोमचा एक थर खाली घालाच.

तिथून हिल्सबरो एका दिवसात आरामात गाठता येते. नातेवाइकांची घरे ही अडचण आहे असे तुमच्या लिहिण्यातून वाटले, पण मला त्यातच उत्तर दिसते. शहर पाहायला निघण्यापूर्वी सगळे सामान भावाच्या गॅरेजमध्ये उतरवा आणि गाडी घरीच ठेवा. हिल्सबरोहून मॅक्स या शहरी रेल्वेची ब्लू लाइन थेट पोर्टलंडच्या वॉशिंग्टन पार्कला जाते. तिथले स्टेशन जमिनीखाली २६० फुटांवर आहे आणि वर आले की गुलाबांची बाग व जपानी बाग दोन्ही पाहता येतात. बॉथेलहूनही असेच करा. जवळच्या लिनवूडला गाडी लावून लिंक या शहरी रेल्वेने सिएटलमधल्या वेस्टलेक स्टेशनला उतरा, तिथून पाइक प्लेस मार्केट चालत जाण्याइतके जवळ आहे.

मावशींकडे मात्र सलग तीन-चार दिवस राहा, आणि त्या दिवसांत तंबूचा विषय काढू नका. त्यांना वेळ हवा आहे. तो सुरुवातीला मनापासून दिलात, तर पुढे निघताना कोणालाच वाईट वाटणार नाही.

परतीला एडमंड्सहून किंग्स्टनची फेरी घेऊन ऑलिंपिक द्वीपकल्पाला वळसा घाला. कलालॉकचा तळ समुद्रालगतच्या कड्यावर आहे. पुढे कोलंबिया नदीच्या मुखावरचा चार मैलांहून लांब पूल ओलांडला की अस्टोरिया आणि लगेच फोर्ट स्टीव्हन्स स्टेट पार्क येते. तिथल्या वाळूत १९०६ मध्ये रुतलेल्या ‘पीटर आयरडेल’ जहाजाचा गंजलेला सांगाडा अजून उभा आहे. भावाच्या कुटुंबाला शनिवार-रविवारी तिथेच बोलवा. ऑरेगनच्या स्टेट पार्कमध्ये एका जागेवर आठ जणांना राहता येते आणि हिल्सबरोहून ते अंतर दोन तासांच्या आसपास आहे. मुलांना तंबूत झोपायला मिळेल आणि तुमची भेटही लांबेल. तिथे यर्ट नावाचे गोल, पक्क्या जमिनीचे तंबूही असतात, आत खाटा आणि हीटर असतो. मावशी यायला तयार झाल्या तर त्यांची सोय त्यात होईल. आरक्षण सहा महिने आधी उघडते, त्यामुळे सुटीच्या दिवसांचे आता मिळणे कठीण आहे, परंतु रद्द झालेल्या जागा संकेतस्थळावर येत राहतात. रोज सकाळी पाहत जा.

फोडणीची काळजी करू नका, काळजी करा ती खरकट्याची. स्वयंपाक झाला की तूप, मसाले, साबण, टूथपेस्टसुद्धा तळावरच्या लोखंडी पेटीत बंद करायचे, तंबूत काहीही ठेवायचे नाही. रेडवूडमध्ये तर भाताचे शीतही जमिनीवर राहू नये असा नियम आहे, आणि त्याचे कारण अस्वलांपुरते नाही. मार्बल्ड मरलेट नावाचा समुद्रपक्षी या जुन्या झाडांच्या उंच फांद्यांवर अंडे घालतो. सांडलेल्या अन्नामुळे ‘स्टेलर्स जे’ नावाचे निळे पक्षी आणि डोमकावळे तळाभोवती वाढतात आणि तेच ते अंडे खातात. भांडी विसळलेले पाणी झाडाखाली ओतू नका.

कढीपत्त्याचे रोप नेऊ नका. लिंबूवर्गीय झाडांमध्ये सिट्रस ग्रीनिंग हा रोग पसरवणारी सिलिड नावाची बारीक कीड कढीपत्त्यावरही वाढते, आणि बे एरियातही तिच्यासाठी क्वारंटाइन लागू झालेले आहे. अशा भागातून रोप बाहेर नेण्यास बंदी असते. परतताना कॅलिफोर्नियाच्या हद्दीवर कृषी तपासणी नाका लागतो, तिथे फळांबद्दल विचारतात. मावशींनी चेरी दिल्या तर वाटेतच संपवा. जळाऊ लाकूडही घरून नेऊ नका, त्यातूनही किडी पसरतात. बहुतेक तळांवर विकत मिळते.

धागाकर्तीचे उत्तर:

दादा, इतके सविस्तर लिहिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. बेत उलटा करायचे आम्ही दोघांनीही मान्य केले आहे. मझामाच्या तळावर एका रात्रीची जागा मिळाली. भावाला फोन केला, तर वहिनीने लगेच होकार दिला. मावशींना यर्टची छायाचित्रे पाठवली आहेत. ‘बाथरूम किती लांब?’ एवढेच त्यांनी विचारले, तेव्हा नकार नाही असे मी धरून चालले आहे. रोपाऐवजी मी त्यांच्यासाठी भाजणी करून नेईन.

आता एक गोष्ट उरली आहे. फोर्ट स्टीव्हन्सला त्या शनिवार-रविवारी यर्ट शिल्लक नाही, पण त्याच किनाऱ्यावर दक्षिणेला असलेल्या नेहालेम बे स्टेट पार्कमध्ये रविवारी आणि सोमवारी एक मोकळा दिसतो. मुलांना सुट्टीच असल्याने भावाला सोमवारची रजा काढणे शक्य आहे. मावशींचे गुडघे दुखतात, त्यांना वाळूत फार चालवत नाही. नेहालेम बेला यर्टपासून स्वच्छतागृह आणि समुद्राची वाट किती अंतरावर आहे, आणि वाटेत वाळूचे चढ चढावे लागतात का, हे तिथे राहून आलेल्या कोणी सांगितले तर आज रात्रीच आरक्षण करून टाकेन.