मदत हवी आहे : बाबाच्या पोटातून लाल पाणी निघालं, ऑपरेशन लागतेच का?

कपाशीवाला : काल रात्रीपासून बाबाचं पोट दुखून राह्यलं. तालुक्याच्या दवाखान्यात सुईनं पोटातलं पाणी काढलं. सिरिंज मी जवळून पाहिली, भिजवलेल्या काथावानी लाल-तपकिरी. 'आतडं काळं पडून राह्यलं, सेवाग्रामला न्या' म्हणे. सुईच लागून रक्त आलं असल तं? लवकर सांगा, 108 येऊन राह्यली.

वावरकर : वय? उलटी? वारा सरते का? आधी पोट उघडलं होतं का?

गावगाडा : काकाचं असंच झालं होतं. अर्धी वाटी एरंडेल द्या, पोट चोळून घ्या, आंत जाग्यावर बसते.

सिस्टर : हात जोडते, चोळू नका! तोंडावाटे पाणीही नको.

गावगाडा : काकाले फरक पडला ना पण.

सिस्टर : त्यांचं आतडं फासात नसेल अडकलं.

सातपुडा : आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आजार लई. ती टेस्ट करा, त्यात लाल पेशी फुटतात.

कपाशीवाला : वय 61. जांघेत गोळा हाये, दहा वर्षं झाले. दाबला की आत जाते, काल गेला नाही.

वावरकर : अरे, हे पहिले सांगायचं ना! हर्निया अडकला, म्हणजे जांघेतून बाहेर आलेलं आतडं फासात बसलं.

लॅबवाला : सुई शिरेत गेली तर रक्त ट्यूबमध्ये गोठते, किंवा ट्यूब मशीनमध्ये फिरवल्यावर रक्ताच्या पेशी तळाशी बसून वरचं पाणी साफ होते. वरचंही लालच राहिलं तर पेशी आधीच फुटून हिमोग्लोबिन, म्हणजे त्यांचा लाल रंग, पाण्यात उतरलं; ते सुईचं ताजं रक्त नाही. फासात शिरा आधी दबतात, धमनी रक्त ढकलतच राहते. आतडं फुगून त्याच्या भिंतीतून रक्त पाझरते. तपकिरी म्हणजे ते रक्त जुनं झालं, हिमोग्लोबिनचं तपकिरी हिमॅटिन होऊ लागलं. सिकलसेलनं गोळा अडकत नाही, सातपुडा. आणि पाणी साफ निघालं असतं तरी आतडं ठीक आहे असं म्हणता आलं नसतं.

पशुसेवक : बैलाच्या आतड्यात आतडं शिरलं की आम्हीही पोटातलं पाणी पाहतो. माझ्याकडे एक गोऱ्हा...

कपाशीवाला : भाऊ, बाप हाये माझा. गाडी आली. बाबा पाणी मागून राह्यले, काय करू?

सिस्टर : ओल्या कापसानं ओठ पुसा, गिळू देऊ नका. गोळा शेवटचा कधी आत गेला आणि ते पाणी किती वाजता काढलं, हे सर्जनला आधी सांगा.