रेकिंग शिकतोय, एक कुलूप झटक्यात उघडतं आणि तसलंच दुसरं हलत नाही, चुकतंय कुठं?

मंगळवारपेठकर:
नमस्कार मंडळी, दोन महिने झाले कुलूप पिकिंगचा, म्हणजे किल्लीशिवाय हत्यारानं कुलूप उघडायचा लई नाद लागलाय. लक्ष्मीपुरीतनं पितळेची पिनवाली दोन कुलपं आणली, दोन्ही एकाच मापाची, पाच पाच पिनांची. काकांचं उद्यमनगरात वर्कशॉप आहे, तिथं हॅक्सॉचं जुनं पान ग्राइंडरला लावून तीन उंचवट्यांचा रेक (पिनांवरनं भराभर फिरवायचं हत्यार) केला आणि टेन्शनसाठी, म्हणजे कुलूप जरा फिरवून धरायला, गाडीच्या वायपरच्या रबरात असती ती पोलादी पट्टी वाकवून घेतली. पहिलं कुलूप पहिल्याच दिवशी दहा सेकंदात खटकन उघडलं, मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की आई स्वयंपाकघरातनं पळत आली. दुसरं मात्र तीन आठवडे झाले दाद देत नाही. जोर लावला तर रेकचं टोकच वाकलं. टेन्शन नक्की किती द्यायचं, आणि रेक पुढं-मागं करायचा का वर-खाली, कुणीतरी नीट सांगा की. अजून एक, आजोबांचं जुनं लोखंडी लिव्हरचं कुलूप आहे घरात, त्याच्यावर रेक चालतो का?

कानसवाला:
भावा, टोक वाकलं त्याचं आधी सांगतो कारण मी पण हेच केलंय. ग्राइंडरवर घासताना पान निळं पडलं होतं का आठव. साध्या कार्बन स्टीलच्या पानाला निळा रंग आला म्हणजे त्याचं पाणी उतरलं, कडकपणा गेला, मग ते तारेसारखं वाकणार. बोटाला चटका बसायच्या आत पाण्यात बुडवायचं, परत घासायचं, परत बुडवायचं, वेळ लागू दे. शेवटचा हात बारीक कानशीनं मार आणि मग पॉलिश पेपरनं एवढं गुळगुळीत कर की नखावरनं फिरवलं तर खरखर लागली नाही पाहिजे. खरखरीत रेक पिनांना अडकतो आणि आपल्याला वाटतं पिनच अडकलीय.
आणि कुलपात तेल घालू नको, आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याच्यावर धूळ बसून चिकटा होतो. ग्रॅफाइट पावडर घाल चिमूटभर.

पाचपिना:
सगळं डाव्या हातावर आहे. उजव्या हातात रेक असतो म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडं, पण कुलूप उघडतं ते टेन्शनच्या पट्टीनं. प्लगला (किल्ली जाते तो आतला फिरणारा भाग) आणि बॉडीला पिनांसाठी पाडलेली भोकं कधीच एका रेषेत नसतात, कणभर फरक राहतोच, म्हणून प्लग जरा फिरवून धरला की पाचही पिना एकदम आवळल्या जात नाहीत, एखादीच आवळते. ती योग्य उंचीला गेली की तिच्यावरची दुसरी पिन प्लगच्या काठावर टेकते, प्लग केसभर फिरतो आणि पुढची आवळते. रेक हेच काम भराभर करतो. तू जोर लावलास की सगळ्याच पिना घट्ट होतात, मग काय हलणार? पट्टीवर बोट नुसतं टेकवायचं, नखाचं टोक पांढरं पडलं तर जास्त झालं समज. रेक आत-बाहेर हलका फिरव आणि फिरवता फिरवता मागचं टोक थोडं वर-खाली कर, म्हणजे कोन बदलत राहतो. वीस-तीस सेकंदात नाही उघडलं तर पट्टी सावकाश सोड आणि कान लाव, टिक टिक आवाज आला तर तेवढ्या पिना बसल्या होत्या, म्हणजे तू बरोबर चाललायस. काहीच आवाज नाही आला तर टेन्शन कमी पडलं असेल.
आता दोन्ही किल्ल्या शेजारी शेजारी ठेवून बघ. ज्या किल्लीच्या खाचा जवळपास सारख्या उंचीच्या, ते कुलूप रेकला लगेच उघडतं. पण पुढं खोल खाच आणि तिच्या मागं उथळ असेल तर पुढची पिन लांब आणि मागची आखूड, मग मागचीला वर न्यायला गेलास की पुढची मर्यादेपलीकडं ढकलली जाते. तिथं रेक ठेवून द्यायचा आणि हूक, म्हणजे टोक वाकवलेलं हत्यार, घेऊन एक एक पिन करायची.

रंकाळाकाठ:
लिव्हरच्या कुलपावर रेक चालत नाही. त्याच्यात पिनाच नसतात, पत्र्यासारखे लिव्हर असतात, प्रत्येकाची खाच जुळली तरच मधला खुंट सरकतो. गोदरेजच्या नवतालसारखी कुलपं त्याच जातीची, त्यांची हत्यारं वेगळी. लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनावेळी आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसानं चब या इंग्रज कंपनीचं डिटेक्टर कुलूप २५ मिनिटांत उघडलेलं, ते लिव्हरचंच. एखादा लिव्हर जास्त वर उचलला गेला की ते अडकून बसायचं आणि मालकाला कळायचं की कुणीतरी हात लावलाय. तरी त्यानं उघडलं! मला हा किस्सा लई आवडतो. आजच्यासारख्या पिनवाल्या कुलपाचं धाकट्या लायनस येलचं पेटंट त्यानंतरचं, १८६१ चं.
आजोबांच्या कुलपाला मात्र हात लावू नको, आणि वापरातल्या कुठल्याच कुलपावर सराव नको, आत काही तुटलं तर दार बंदच राहायचं. हत्यारं खिशात घालून रात्री रंकाळ्यावर पण फिरू नको. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ च्या कलम १२२ मध्ये सूर्यास्त ते सूर्योदय घरफोडीची हत्यारं सबळ कारणाशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे. रात्री नाक्यावर छंद समजावून सांगत बसणार का?

मंगळवारपेठकर:
किल्ल्या बघितल्या, पाचपिना भाऊ एकदम बरोबर! पहिलीच्या खाचा जवळपास सपाट आणि दुसरीची दुसरी खाच एकदम खोल, तिच्या मागची तिसरी नुसती ओरखड्यासारखी. पान पण निळं पडलेलं, फोटो काढून ठेवलेला त्याच्यात दिसतंय. काल रात्री नवीन हूक केला, पाण्यात बुडवत बुडवत, तासभर गेला. चार पिना बसल्या, प्लग चांगला दिसण्याइतका फिरला आणि तिथंच थांबला, पुढं जाईना.

पाचपिना:
अरे मग त्याच्यात स्पूल पिन आहे, मधे बारीक असलेली, रिळासारखी. आता एक एक पिन हलकी चाचपून बघ, जिच्यावर प्लग उलटा सरकायला बघतोय तीच ती. तिला वर उचलताना पट्टीवरचा दाब अगदी हळूहळू कमी कर, प्लगला मागं येऊ दे, घाबरून सोडू नको. एखादी बसलेली पिन खाली पडेल, ती परत बसव. आज रात्री करून सांग.