प्रागमध्ये एकच दिवस, पायी काय काय बघून होईल?

प्रश्न: पुढच्या महिन्यात प्रागमध्ये एक अख्खा दिवस मिळतोय, चालतच फिरायचंय. पण आई सोबत आहे, तिला चढ जड जातो. सुरुवात कुठून करू?

उत्तर: चार्ल्स ब्रिजला उजाडता उजाडता जा, प्लीज!! १३५७ मध्ये बांधायला घेतलेला पूल, दोन्ही कडांना मिळून ३० पुतळे, आणि उशिरा गेलात तर नुसती गर्दीच दिसेल. सेंट जॉन नेपोमुकच्या पुतळ्याखालची पाटी जवळून बघा, लोकांनी हात लावून लावून तेवढाच भाग सोन्यासारखा चकाकतो, आजूबाजूचं सगळं काळवंडलेलं. मी तिथे कितीतरी वेळ उभी होते.

उत्तर: टेकडीवरच्या प्राग किल्ल्याला मात्र चालत चढू नका, २२ नंबरची ट्राम वरपर्यंत नेते, आईंसाठी तेवढा हट्ट सोडा. सेंट व्हायटस कॅथेड्रल बघून नेरुदोवा रस्त्याने खाली या, सगळा उतारच आहे आणि घरांच्या दारांवर जुनी चिन्हं आहेत, घरांना नंबर नव्हते तेव्हाची, सोनेरी पेला, तीन व्हायोलिन असं काय काय.

प्रश्नकर्ता: उताराने गुडघे नाही ना दुखणार तिचे?

उत्तर: दुखू शकतात, दगडी फरसबंदी आहे ना, बूट जाड तळाचे हवेत. मधे बसत बसत उतरा. ओल्ड टाउनचं १४१० चं घड्याळ तासाच्या ठोक्याला बघा, प्रेषितांच्या मूर्ती खिडक्यांतून फिरून जातात, मिनिटभरात खेळ संपतो, म्हणून पाच मिनिटं आधी पोचा.