डकटेल्सची गेमबॉय कॅसेट: लोगोच्या जागी काळी पट्टी, आणि काठीची उडी लागत नाही

गंगाघाट_८बिट
मंडळी, कॅपकॉमने १९९० साली गेमबॉय या हातात धरायच्या गेम मशीनसाठी काढलेला डकटेल्स हा गेम माझ्याकडे आहे. मशीन पहिलं, जाड राखाडी, चार पेन्सिल सेलवालं. चालू केलं की वरून ‘निन्टेन्डो’ अक्षरांऐवजी काळी पट्टी खाली येते, टिंग वाजतं आणि सगळं तिथेच थांबतं. चार-पाच वेळा कॅसेट काढून घातली की एखाद वेळी गेम सुरू होतो. सुरू झाला तरी गेमचा नायक अंकल स्क्रूज याची काठीवरची उडी दहातून तीनदाच लागते. बिघाड कॅसेटचा की मशीनचा, हे कसं ओळखायचं? आणि सामान नाशिकमध्येच मिळेल का?

सातपूर_सोल्डर
टिंग वाजलं म्हणजे कॅसेट वाचली गेली, असं समजू नका. कॅसेट न घालता मशीन चालू करून बघा, तीच काळी पट्टी येईल आणि तसंच टिंग वाजेल. मशीन लोगोचे ४८ बाइट कॅसेटमधून वाचून पडद्यावर काढतं आणि मग स्वतःजवळच्या प्रतीशी ताडून बघतं. जुळले नाहीत तर पुढे जात नाही. संपर्कच नसेल तर प्रत्येक बिट १ वाचला जातो, म्हणून सगळं काळं दिसतं. अक्षरं तुटकी, ठिपक्याठिपक्यांची आली असती तर एक-दोन पिनांचा दोष म्हटला असता. पूर्ण काळी पट्टी म्हणजे बहुतेक वेळा मळ.

आधी दुसरी एखादी कॅसेट लावून बघा. ती पहिल्या फटक्यात चालली तर दोष डकटेल्सच्या कॅसेटचा, तिलाही काळी पट्टी आली तर मशीनच्या खाचेचा. गेमबॉय ॲडव्हान्स किंवा ॲडव्हान्स एसपी ही नंतरची मशीनं कुणाकडे असतील तर त्यातही ही कॅसेट चालते. निन्टेन्डो डीएस या मशीनमध्ये ती बसणार नाही, जोर लावू नका.

सफाईला ९९ टक्क्यांचं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घ्या. एम. जी. रोडला मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा, बोर्ड धुवायला ते हेच वापरतात. हातांचं सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं आणि पिनांवर चिकट थर राहतो. कानकोरणीचा कापूस आयपीएत भिजवून ३२ पिनांवरून लांबीच्या दिशेने, आतून बाहेर ओढा. आडवा घासलात तर एका पिनेचा मळ दुसरीवर जातो. कापूस पांढरा निघेपर्यंत बदलत राहा. काळे डाग तरीही राहिले तर शाळेतला पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि कीस काढायला पुन्हा आयपीए. पॉलिश पेपर मात्र अजिबात नको. सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, तो गेला की खालचा धातू काळा पडतो.

खाचेसाठी: सेल काढा, साफ केलेल्या कॅसेटच्या पिना आयपीएने ओल्या करा आणि कॅसेट दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. दर दोन-तीन वेळांनी पिना पुसून घ्या. मग पंधरा मिनिटं वाळू द्या.

पंचवटी_प्लॅटफॉर्मर
वरच्या सगळ्याला अनुमोदन. एक भर: कॅसेटमध्ये फुंकर मारायची सवय असेल तर ती आजपासून बंद करा. फुंकरीने गेम चालतो असं वाटतं, पण खरं काम कॅसेट पुन्हा घातल्याने होतं. फुंकरीतली वाफ पिनांवर बसते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात गंजाला तेवढी पुरते. जून ते सप्टेंबर कॅसेट सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

कॅसेट उघडायची वेळ आलीच तर मागे एकच स्क्रू असतो, त्याला ३.८ मिमीचं गेमबिट (अशा स्क्रूंसाठीचं खास पेचकसाचं टोक) लागतं. हार्डवेअरच्या दुकानात ते सहसा नसतं, ऑनलाइन मागवा. पेनची नळी तापवून स्क्रूवर दाबायची युक्ती बरेच जण सांगतात, पण प्लास्टिक आत ओघळलं तर स्क्रू कायमचा अडकतो. या गेमला सेव्हची सोय नाही, त्यामुळे आत बॅटरी संपायचा प्रश्न नाही. उघडून फक्त चिपच्या पायांजवळची सोल्डर (डाख) भिंगातून बघा. पायाभोवती बारीक गोल चीर दिसली तर फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावतात तो पदार्थ) लावून तो एक पाय पुन्हा तापवायचा. सगळे पाय उगाच तापवत बसू नका.

सेलच्या पत्र्यांवर पांढरी बुरशी असेल तर तीही काढा. अल्कलाइन सेलची गळती आम्लाने मारावी लागते, म्हणून पांढऱ्या व्हिनेगरचे दोन थेंब, मग आयपीए. चालू-बंदचं बटण सेल काढून वीस-तीस वेळा सरकवा, तिथेही व्होल्टेज अडतं.

गंगाघाट_८बिट
दुसरी कॅसेट पहिल्यांदाच चालली, म्हणजे दोष याच कॅसेटचा. आयपीएने कापूस अक्षरशः काळा निघाला. आता दहापैकी दहा वेळा लोगो नीट येतो. मनापासून आभार! उडीचं मात्र तसंच आहे.

पंचवटी_प्लॅटफॉर्मर
उडीचा क्रम आधी पक्का करा. ए बटण दाबून उडी, हवेत असताना खालची दिशा आणि मग बी बटण. बी दाबूनच ठेवायचा, सोडला की काठी बंद. जमिनीवर असताना बी दाबलात तर काही होणार नाही. दगडाला किंवा पेटीला टेकून, त्याच दिशेला दाबून बी मारलात तर काठी गोल्फसारखी फिरते, ती वेगळी चाल. उडी न लागण्याचं नेहमीचं कारण म्हणजे उडताना अंगठा उजवीकडेच राहतो आणि खालची दिशा उशिरा लागते. आधी जागेवर उभं राहून वीस उड्या मारा. वीसच्या वीस लागल्या तर मशीन ठीक, हाताला सराव हवा.

सातपूर_सोल्डर
जागेवरही चुकत असतील तर खालची कळ तपासा. गेममधल्या ॲमेझॉनच्या टप्प्यात वेलीला लटकून खाली उतरा. स्क्रूज अडखळत उतरला तर कळीचा संपर्क सुटतोय. गेमबॉयमध्ये खालची दिशा आणि स्टार्ट एकाच सिग्नल रेषेवर आहेत, तसेच डावी दिशा आणि बी. स्टार्ट दाबून गेम दरवेळी थांबतो ना? मग चिप आणि रेषा शाबूत आहेत, मळ त्या कळीखालीच आहे.

त्यासाठी मशीन उघडावं लागेल. मागचे स्क्रू तीन पाकळ्यांचे असू शकतात, साध्या पेचकसाने त्यांची डोकी झिजवू नका. दोन्ही अर्ध्या भागांना एक रिबन जोडते, म्हणून झाकण पुस्तकासारखं हळू उघडा आणि रिबन सरळ ओढून सोडवा. पुढच्या बोर्डखाली रबराची गादी मिळेल. बोर्डवरचे काळे पट्टे आयपीएने पुसा. रबरावरची काळी टिकली मात्र फक्त कोरड्या कापडाने टिपा. ती घासली तर कार्बन निघून येतो आणि कळ कायमची जाते.

पंचवटी_प्लॅटफॉर्मर
उडी बसली की हिमालयाच्या टप्प्यात सांभाळा. मऊ बर्फावर काठीने उतरलात तर स्क्रूज रुतून बसतो, तिथे साधी उडीच मारायची. आफ्रिकेच्या खाणीत जायला किल्ली लागते आणि ती ट्रान्सिल्व्हेनियात आहे, तेव्हा आधी तिकडे जा. नेटवर मिळणारे नकाशे बहुतेक एनईएसचे (निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या मशीनचे) असतात. गेमबॉयवर मांडणी बदललेली आहे, त्या नकाशांवर पूर्ण विसंबू नका.