मदत हवी आहे: शेवंती आणि वालावर मावा, पाणी मात्र जपून वापरायचंय

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात राहते. गच्चीवर शेवंती, गुलाब, कढीपत्ता आणि कठड्याशेजारी काठीवर चढवलेला वालाचा वेल आहे. सगळं झकास चाललं होतं. मध्यंतरी आभाळ भरून आलं आणि तेव्हापासून मावा (रस शोषणारे बारीक किडे) जो वाढायलाय, थांबायचं नाव नाही.

शेवंतीच्या कळीखालचा देठ दिसेनासा झालाय, इतके चॉकलेटी किडे एकाला एक लागून बसलेत. वालाच्या कोवळ्या शेंड्यांवर काळाकुळकुळीत, चकचकीत मावा. खालच्या पानांवर पांढरा कोंडा आणि चिकटपणा. खाली लावलेल्या स्कूटरच्या सीटवरसुद्धा तोच चिकटा. मुंग्यांचं तर विचारूच नका.

नेटवर बघावं तर सगळे म्हणतात, पाइपने जोरात पाणी मारा. अहो, आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. साठवलेल्या पाण्याने झाडं धुवायला घेतली तर सासूबाई मलाच गच्चीवर ठेवतील! बोअर आहे, पण पाणी इतकं जड की साबणाला फेसच येत नाही. वर पांढरट थर धरतो आणि फवाऱ्याचं तोंड तुंबतं.

शेजारच्या काकांनी शेतावरचं डायमेथोएट हे कीटकनाशक देऊ केलंय. करडईवर ते हेच मारतात. पण शेंगा खायच्यात, म्हणून धीर होईना. आणि शेवंतीवरचा मावा बाकीच्या झाडांवर जाईल का? उपटून टाकू का? संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत फुलं मिळावीत एवढंच म्हणणं आहे.

हुरडाप्रेमी: डायमेथोएट काकांना परत द्या, ताई. ते आंतरप्रवाही आहे, झाडाच्या रसात उतरतं. शेतातली गोष्ट वेगळी. गच्चीवर कपडे वाळतात, पोरं खेळतात, त्यात तुम्ही शेंगा तोडून भाजीला घेणार.

गच्चीबाग_पुणे: पाइपने जोरात पाणी मारा, दुसरं काही लागत नाही.

धागाकर्ती: दादा, वरचं वाचलंत का? 🙂

कडक_भाकरी: उपटू नका. शेवंतीवरचा चॉकलेटी मावा शेवंतीवरच राहतो, आणि वालावरचा काळा हा शेंगवर्गीय झाडांवरचा वेगळा प्रकार. गुलाबावर मावा आला तर तो बहुतेक तिसराच असेल. तो पांढरा कोंडा म्हणजे माव्याने टाकलेली कात. चिकटा त्यांच्या अंगातूनच येतो. तो तसाच राहिला तर त्यावर काळी बुरशी धरते आणि पान काळं पडतं.

आता पाण्याचं. पाइप लागतच नाही, एक मग पुरे. वालाचे भरलेले शेंडे सरळ खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा, खालून नवे फुटवे येतात. शेवंतीच्या कळ्या मोडायच्या नसतील तर ओल्या फडक्याच्या चिमटीत देठ धरून हलक्या हाताने वर ओढा. किळस येते, पण निम्म्याहून जास्त काम तिथेच होतं.

मग फवारणी. जड पाण्यातले क्षार साबण फाडतात, म्हणून तो थर येतो. प्यायच्या आरओ फिल्टरचं लिटरभर पाणी घ्या, गच्चीपुरतं बास होतं. (फिल्टरमधून वाया जाणारं पाणी नको, त्यात क्षार आणखी जास्त.) त्यात 5 मिली निंबोळी तेल आणि ते मिसळण्यापुरता 1-2 मिली पातळ साबण. आधी एकाच फांदीवर मारून दुसऱ्या दिवशी पान बघा. फवारणी संध्याकाळीच करायची, आपल्याकडचं ऊन थंडीतही पान करपवतं. पानाची खालची बाजू भिजली पाहिजे, नाहीतर सगळं वाया. तेल मिळालं नाही तर 50 ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर भिजवायची आणि फडक्यातून गाळून लिटरभर अर्क करायचा. शेतात 5 टक्के अर्क म्हणतात तो हाच.

एकदा मारून भागणार नाही. माव्याच्या मादीला नर लागत नाही, ती थेट पिल्लंच घालते आणि ती पिल्लं आठवडा-दहा दिवसांत पिल्लं घालायला लागतात. पाच-सहा दिवसांनी पुन्हा मारा. आणि शेंगदाणा पेंडीचं पाणी किंवा युरिया देत असाल तर सध्या बंद. नत्र जास्त झालं की कोवळी लुसलुशीत फूट येते आणि मावा तिथेच बसतो.

बाराबंदी: फवारायच्या आधी नीट बघा. माव्यात काळी, अंगावर नारिंगी ठिपके असलेली, मगरीच्या आकाराची बारीक अळी फिरताना दिसली तर ती मारू नका. ते लेडीबर्डचं पिल्लू, माव्यावरच जगतं. फुगून तपकिरी, कडक झालेला मावा दिसला तर तोही राहू द्या. त्याच्या आत बारीक गांधीलमाशीची अळी असते. एका कुंडीत कोथिंबीर फुलावर जाऊ द्या, असे मित्रकिडे त्या फुलांवर येतात.

धागाकर्ती: शेवंतीवर ती मगर सापडली की ओ! मी कीड समजून चिरडणार होते. मग शेवंतीवर फवारत नाही, फडक्यानेच पुसते. वालाचे शेंडे खुडले. आता मुंग्यांचं काय? कुंड्या पाण्याच्या थाळीत ठेवू का?

कडक_भाकरी: थाळी नको, डेंग्यूचे डास होतील. मुंग्या चिकट्यासाठी येतात आणि माव्याची राखण करतात, लेडीबर्डला हुसकावतात. वेल ज्या काठीवर चढवलाय तिला खाली चिकटपट्टी गुंडाळून वरून व्हॅसलीनचा जाड थर लावा. वेलीच्या खोडाला लावू नका. आणि कठड्याला टेकलेल्या फांद्या बांधून आत घ्या, नाहीतर त्या तिकडून चढतील.